ब्रेकअपच्या सीमेवरचा आवाज: अ‍ॅम्प बदलावा की प्रीअ‍ॅम्प घ्यावा?

सहावी_तार

मला हवा असलेला आवाज आधी नेमकेपणाने सांगतो, कारण 'ब्रेकअप' या एकाच नावाखाली प्रत्येक जण वेगळेच काहीतरी ऐकत असतो. स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या नेक पिकअपवर (मानेकडच्या पिकअपवर) हलक्या हाताने तार छेडली तर स्वर पूर्ण स्वच्छ यावा, हाताचा जोर वाढवला की त्याच स्वराच्या कडेला थोडी खरखर यावी, आणि हा बदल पेडलवर पाय न ठेवता केवळ उजव्या हाताने व्हावा. मला हेवी मेटलची गेन, म्हणजे आवाज फाटेपर्यंतचे वर्धन, नको आहे आणि काचेसारखा निव्वळ स्वच्छ आवाजही नको आहे. या दोहोंच्या मधली अरुंद पट्टीच मला हवी आहे, आणि ती पट्टी जितकी रुंद मिळेल तितके उत्तम.

माझ्यासमोर चार पर्याय आहेत. पहिला फेंडर डिलक्स रिव्हर्ब, दुसरा जुन्या ट्वीड डिलक्सच्या ५ई३ आराखड्यावर बनवलेला एखादा अ‍ॅम्प, तिसरा १५ वॅटांचा ब्लूज ज्युनियर, आणि चौथा म्हणजे स्ट्रायमन इरिडियम किंवा युनिव्हर्सल ऑडिओ ड्रीम '६५ यांसारखे प्रीअ‍ॅम्पचे (अ‍ॅम्पमधल्या, सिग्नलला आकार देणाऱ्या पहिल्या टप्प्याचे) पेडल, जे मी हेडफोनवर किंवा स्टुडिओ मॉनिटरवर वाजवीन. मी पुण्यात सोसायटीत राहतो आणि भिंतीपलीकडे शाळकरी मुले अभ्यास करतात, हे लक्षात घेऊन मत द्यावे. तालमीच्या खोलीत डिलक्स रिव्हर्बचा व्हॉल्यूम पाचच्या पुढे नेल्यावर जे ऐकू आले ते मला फार आवडले, परंतु तो आवाज घरात काढणे अशक्य आहे, आणि तोच तीनवर ठेवला की ते सगळे नाहीसे होते. यातले किती अ‍ॅम्पचे असते आणि किती नुसत्या मोठ्या आवाजाचे, हा माझा मूळ प्रश्न आहे.

निर्वात

प्रश्न चांगला मांडला आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. अ‍ॅम्पची तुलना करताना लोक ट्यूबांची, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्यांची, नावे मोजत बसतात. माझ्या मते त्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: लाटेचा माथा सर्वप्रथम कोणत्या टप्प्यात कापला जातो, त्या टप्प्याच्या आधी बास किती कमी केलेला असतो, आणि पॉवर टप्प्याभोवती, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या टप्प्याभोवती, ऋण प्रतिभरण, म्हणजे निगेटिव्ह फीडबॅक, आहे की नाही.

तिसरी गोष्ट तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. निगेटिव्ह फीडबॅकमध्ये आउटपुटचा थोडा अंश उलट करून मागे पाठवला जातो, त्यामुळे विकृती, म्हणजे डिस्टॉर्शन, दबते आणि आवाज बराच काळ स्वच्छ राहतो. परंतु पॉवर ट्यूबांची क्षमता संपली की दुरुस्त करायला काही उरत नाही, आणि मग माथा एकदम, तीक्ष्ण कोपऱ्यासह कापला जातो. फीडबॅक नसेल तर खरखर लवकर सुरू होते, हळूहळू वाढते, आणि म्हणूनच हाताच्या जोराशी तिचे नाते अधिक जवळचे राहते. डिलक्स रिव्हर्बमध्ये फीडबॅक आहे. ५ई३ मध्ये नाही. व्हॉक्सच्या एसी१५ आणि एसी३० मध्येही नाही. तुम्ही ज्या पट्टीच्या रुंदीविषयी बोलत आहात, ती बव्हंशी येथे ठरते.

आता ५ई३ विषयी, कारण हा आराखडा साधा दिसतो तितका साधा नाही. १९५५ ते १९६० या काळात फेंडरने तो बनवला. दोन ६व्ही६ पॉवर ट्यूब, कॅथोड बायस (ट्यूबांचा स्थिर प्रवाह ठरवण्याची एक साधी पद्धत), ५वाय३ रेक्टिफायर ट्यूब (जी एसी विजेचे डीसी करते), आणि पहिल्या जागी १२एवाय७, जिचा वर्धनांक सुमारे ४४ आहे. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या १२एएक्स७ चा तो १०० असतो. म्हणजे पहिला टप्पा मुद्दाम सौम्य ठेवलेला आहे. जोरात तार मारली की अ‍ॅम्प अधिक विद्युतप्रवाह मागतो, ५वाय३ तो देताना दमते, दाब क्षणभर खाली येतो आणि मग सावरतो. यालाच सॅग म्हणतात, आणि स्वर दाबला जाऊन पुन्हा फुलल्यासारखा जो भास होतो तो यामुळे. डिलक्स रिव्हर्बमध्ये जीझेड३४ रेक्टिफायर आहे, जी याहून बरीच घट्ट आहे, म्हणजे दाब कमी पडू देते.

दोष सांगायचा तर ५ई३ मध्ये बास जवळजवळ न कापताच पुढे जातो. त्यामुळे व्हॉल्यूम वर नेला की जाड तारा फाटल्यासारख्या, लोंबत्या ऐकू येतात, आणि हंबकर, म्हणजे दुहेरी वेटोळ्याचे पिकअप, असलेल्या गिटारवर हे अधिक जाणवते. स्ट्रॅटवर मात्र हा दोष बऱ्याच अंशी सुसह्य आहे.

जर्सीकर

माझ्याकडे न्यू जर्सीत दोन्ही आहेत, म्हणजे ५ई३ आराखड्यावरचा हाताने जोडलेला अ‍ॅम्प आणि डिलक्स रिव्हर्ब, त्यामुळे ऐकीव नव्हे तर वापरातले सांगतो.

५ई३ मध्ये एक गंमत आहे जी माहितीपत्रकांत क्वचितच लिहिलेली असते. त्याला दोन चॅनेल आणि दोन व्हॉल्यूम आहेत, पण ज्या चॅनेलला गिटार जोडलेली नाही त्याचा व्हॉल्यूम फिरवला तरी आवाज बदलतो, कारण दोन्ही पोटेन्शिओमीटर एकमेकांना विजेच्या दृष्टीने भार देत असतात. रिकाम्या चॅनेलचा नॉब हळूहळू फिरवत नेला की स्वराची जाडी आणि खरखर सुरू होण्याची जागा दोन्ही सरकतात. टोनचा नॉब एकच आहे, तरीही या तीन नॉबांत मला डिलक्स रिव्हर्बच्या सगळ्या नॉबांपेक्षा जास्त छटा सापडतात.

डिलक्स रिव्हर्बच्या बाजूने एवढेच म्हणेन की त्याची स्वच्छ बाजू अतुलनीय आहे. मिडचा नॉब त्याला नाहीच. मिड एका ठरावीक रोधाने बांधून टाकलेला आहे आणि मधल्या कंपनांत खड्डा आहे, म्हणून गायकाच्या आवाजाला जागा मिळते. व्हायब्रेटो चॅनेलच्या व्हॉल्यूमवर एक छोटा ब्राइट कपॅसिटर असतो, जो कमी व्हॉल्यूमवर वरचे स्वर टोचरे करतो आणि व्हॉल्यूम वाढेल तसा निष्प्रभ होतो. तुम्हाला तीनवर जे आवडत नाही आणि पाचवर आवडते, त्यातला काही भाग या कपॅसिटरचाही आहे असे मला वाटते.

सहावी_तार

हे मला अगदीच नवीन आहे. मग केवळ तो कपॅसिटर काढला तर घरातल्या आवाजात पाचवरचा स्वर मिळेल का?

निर्वात

टोचणी कमी होईल, ब्रेकअप मिळणार नाही. त्यासाठी पॉवर ट्यूबांना त्यांच्या मर्यादेपर्यंत न्यावेच लागते, आणि येथे आकडेमोड निष्ठुर आहे. आवाज कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. त्यामुळे २२ वॅटांचा अ‍ॅम्प सोडून ५ वॅटांचा घेतला तरी फरक फक्त सुमारे ६.४ डेसिबलचा पडतो, निम्माही नाही. सेलेस्टियन व्हिंटेज ३० सारख्या स्पीकरची संवेदनशीलता १०० डेसिबल आहे, म्हणजे एक वॅटला एक मीटर अंतरावर १०० डेसिबल. आपल्याकडच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती मर्यादा बाहेरच्या परिसरासाठी आहे आणि भिंती बराच आवाज अडवतात हे खरे, तरीसुद्धा 'घरासाठी एक वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प पुरे' हे विक्रेत्यांचे वाक्य ऐकून कोणी फसू नये. पूर्ण जोरावरचा एक वॅट शेजारी बेल वाजवायला येण्याइतका मोठा असतो.

हंबकर

मला येथे वेगळा मुद्दा मांडायचा आहे. सगळी चर्चा पॉवर ट्यूबांभोवती फिरते आहे, पण मार्शलची परंपरा पाहिली तर प्रीअ‍ॅम्पमध्ये काय बदलले याचे महत्त्व कळते. १९६२ च्या सुमारास लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी फेंडर बासमनचा ५एफ६-ए आराखडा समोर ठेवून जेटीएम४५ बनवला. सर्किट जवळजवळ तेच, पण पहिल्या जागी १२एवाय७ ऐवजी ईसीसी८३, म्हणजे १२एएक्स७ चेच युरोपीय नाव, आणि दहा इंची चार स्पीकरांच्या उघड्या पेटीऐवजी मागून बंद असलेली सेलेस्टियनची पेटी. एवढ्या फरकाने अमेरिकी बास अ‍ॅम्पचा इंग्लिश ब्लूज अ‍ॅम्प झाला. त्याच घराण्यातल्या कॉम्बोवर (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असलेल्या रूपावर) १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टन यांनी जॉन मेयॉल यांच्याबरोबर ध्वनिमुद्रण केले, आणि त्या अल्बममुळे त्या कॉम्बोला ब्लूजब्रेकर हे नावच पडले.

पुढे मार्शलने क्लिपिंगच्या, म्हणजे लाटेचे माथे कापले जाण्याच्या, आधीच बास कमी करायला सुरुवात केली, म्हणून गेन वाढवूनही आवाज चिखलात गेला नाही. निर्वात यांनी ५ई३ चा जो दोष सांगितला, त्याचे हे उत्तर आहे. १९७५ च्या २२०३ मध्ये मास्टर व्हॉल्यूम (प्रीअ‍ॅम्पनंतर आवाज कमी-जास्त करणारा नॉब) आला आणि मग प्रीअ‍ॅम्पची विकृती हाच मुख्य आवाज झाला. तेव्हा प्रीअ‍ॅम्पला दुय्यम मानू नये.

निर्वात

दुय्यम मानत नाही. फक्त ती विकृती वेगळ्या जातीची आहे. मास्टर व्हॉल्यूम खाली ठेवून गेन वाढवली की १२एएक्स७ चे माथे कापले जातात, पण पॉवर ट्यूब, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर यांना काहीच कष्ट पडत नाहीत. सॅग नाही, दबून फुलणे नाही. जास्त गेनच्या संगीतात याची उणीव भासत नाही. मूळ लेखकांनी मागितलेल्या अर्धवट खरखरीत मात्र ती लगेच कळते. ब्लूज ज्युनियरची अडचण हीच आहे. त्याचे ईएल८४ ट्यूब गोड आहेत, परंतु मास्टर कमी करून घरात वाजवला की आपण त्यांना ऐकतच नसतो.

बॅकलाइन

मी मुंबईत कार्यक्रमांच्या ध्वनिव्यवस्थेत काम करतो, म्हणून मंचाच्या बाजूने लिहितो. भाड्याने येणाऱ्या अ‍ॅम्पमध्ये रोलंड जेसी-१२० किंवा ट्विन रिव्हर्ब समोर येण्याची शक्यता मोठी असते. पहिला १९७५ पासूनचा सॉलिड स्टेट (ट्यूबांऐवजी ट्रान्झिस्टरांचा), दुसरा ८५ वॅटांचा चार ६एल६ वाला. दोन्ही ब्रेकअप न होण्यासाठीच प्रसिद्ध. ट्विनला खरखरेपर्यंत नेणाऱ्याला ध्वनिव्यवस्थापक मंचावरून खाली उतरवतील. त्यामुळे ज्याला आपला ब्रेकअप सगळीकडे हवा आहे त्याने तो पिशवीतून बरोबर न्यावा, या व्यावहारिक कारणासाठी मी प्रीअ‍ॅम्पच्या पेडलच्या बाजूचा आहे.

पण ते कोठे जोडले जाते यावर सर्व अवलंबून आहे. अनेक जण प्रीअ‍ॅम्पची तार अ‍ॅम्पच्या पुढच्या इनपुटात खोचतात. मग तुमच्या पेडलमधला डिलक्स रिव्हर्ब, ज्यात मिडचा खड्डा आधीच आहे, तो खऱ्या ट्विनच्या दुसऱ्या खड्ड्यात पडतो, आणि बँड सुरू झाला की गिटार ऐकूच येत नाही. इफेक्ट्स लूप (प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर टप्प्याच्या मधली जोडणी) असलेल्या जेसी-१२० मध्ये पेडल रिटर्नमध्ये जोडावे, म्हणजे अ‍ॅम्पचा स्वतःचा प्रीअ‍ॅम्प वगळला जातो. अशा वेळी पेडलमधली स्पीकरची नक्कल बंद करायची, कारण खरे स्पीकर समोर आहेतच. डिलक्स रिव्हर्ब आणि ब्लूज ज्युनियर या दोहोंना लूप नसतो, हे खरेदीआधी लक्षात घ्यावे. सरळ मिक्सरमध्ये जाणार असाल तर ती नक्कल चालूच हवी, नाहीतर खरखर माशी गुणगुणल्यासारखी ऐकू येते. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्‌झच्या वरचे बरेचसे गाळून टाकतो, ते काम कोणीतरी केले पाहिजे.

सहावी_तार

दोन उपप्रश्न आहेत. एक, ट्यूब स्क्रीमरसारखे ओव्हरड्राइव्ह पेडल स्वच्छ अ‍ॅम्पपुढे लावून हेच साधत नाही का? दोन, खरखर आली की माझे मेजर कॉर्ड खराब ऐकू येतात, नुसते दोन सुरांचे पॉवर कॉर्ड मात्र उत्तम लागतात. हे अ‍ॅम्पमुळे होते की माझ्या हातामुळे?

हंबकर

पहिल्याचे उत्तर मी देतो. १९७९ चा टीएस८०८ घ्या किंवा नंतरचा टीएस९, त्याचा गाभा एकच आहे: क्लिपिंगच्या टप्प्यात साधारण ७२० हर्ट्‌झच्या खालचे स्वर कमी वाढवले जातात, म्हणून ते कमी कापले जातात, आणि मूळ स्वच्छ सिग्नलही त्यातून पुढे जातच राहतो. फेंडरचा मिडचा खड्डा त्याने भरून निघतो, ही जोडी म्हणूनच जमते. परंतु आधीच थोडा खरखरणाऱ्या अ‍ॅम्पला ढकलण्यासाठी ते उत्तम आहे. पूर्ण स्वच्छ जेसी-१२० पुढे एकट्याने ब्रेकअप निर्माण करायला लावले तर आवाज नाकातून येतो. त्यापेक्षा मार्शलच्या ब्लूजब्रेकर पेडलच्या वंशातले एखादे, ज्यात गेन कमी आणि मिडचा उंचवटा सौम्य असतो, ते तुमच्या अपेक्षेच्या जवळ जाईल.

निर्वात

दुसरा प्रश्न मला विशेष आवडला, कारण याचे उत्तर तानपुरा ऐकणाऱ्याला चटकन पटते. दोन स्वर एकत्र विकृत झाले की त्यांच्या कंपनांची बेरीज आणि वजाबाकी असलेले नवे स्वर तयार होतात. २२० हर्ट्‌झचा षड्ज धरा. समतानित (सप्तकाचे बारा समान भाग केलेल्या) पट्टीतला पंचम ३२९.६ वर येतो, वजाबाकी १०९.६, म्हणजे खालच्या षड्जाच्या ११० ला जवळजवळ चिकटलेली. म्हणून पॉवर कॉर्ड भरदार लागतो. त्याच पट्टीतला शुद्ध गंधार २७७.२ वर आहे, वजाबाकी ५७.२, आणि खरा दोन सप्तके खालचा षड्ज ५५ चा. हा फरक अर्ध्या सुराच्या सुमारे दोन तृतीयांश आहे, आणि तो तळाशी बेसूर गुरगुरत राहतो. गंधार चौदा सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा असल्याचा हा परिणाम आहे. हातात दोष नाही.

यावर अ‍ॅम्प निवडताना काय करता येते? क्लिपिंगच्या आधी बास जितका कापलेला, तितका हा गोंधळ कमी. म्हणून मेजर कॉर्डवर सौम्य ब्रेकअप हवा असणाऱ्यांना एसी३० का आवडतो हे समजते. त्याचा टॉप बूस्ट चॅनेल वरच्या बाजूला झुकलेला आहे. त्याच अ‍ॅम्पपुढे रोरी गॅलाघर आणि ब्रायन मे यांनी लावलेले ट्रेबल बूस्टर हेच काम आणखी पुढे नेतात. ५ई३ वर मात्र पूर्ण कॉर्ड वाजवताना गिटारचा व्हॉल्यूम उतरवावा, किंवा गंधार असलेली तार टाळून वरच्या तीन तारांत कॉर्ड बांधावा.

जर्सीकर

घरातल्या आवाजाचा प्रश्न मी रिअ‍ॅक्टिव्ह लोड बॉक्सने सोडवला. अ‍ॅम्प पूर्ण जोरावर चालतो, पॉवर ट्यूब घाम गाळतात, स्पीकरऐवजी भार पेटीत जातो आणि हेडफोनमध्ये स्पीकरची नक्कल ऐकू येते. साधा रोधाचा लोड घेऊ नये. खऱ्या स्पीकरचा अवरोध (इम्पिडन्स) त्याच्या अनुनादापाशी आणि वरच्या कंपनांना वाढतो, अ‍ॅम्प त्या चढउताराला प्रतिसाद देतो, आणि सरळ रोध हा संवादच तोडतो. आणखी एक इशारा: लोड किंवा स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प कधीही चालू करू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाण्याची भीती असते.

खर्च मात्र अ‍ॅम्प अधिक लोड असा दुहेरी होतो, हे मान्य. ज्यांना तो परवडत नाही त्यांनी टोन मास्टर डिलक्स रिव्हर्ब पाहावा. तो २०१९ पासूनचा डिजिटल अ‍ॅम्प आहे, मागच्या बटणाने शक्ती २२ वॅटांपासून ०.२ वॅटपर्यंत उतरते, आणि व्हॉल्यूम पाचवर ठेवून मिळणारी खरखर तशीच राहते. वजनाला हलका आहे, हे चाळिशीनंतर कळते.

शांत_सूर

हे वाचताना एक प्रश्न पडला. सहावी_तार यांनी तालमीच्या खोलीत मोठ्या आवाजात ऐकले आणि आता घरात तेच शोधत आहेत. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवले की कमी आवाजात कानाला बास आणि ट्रेबल दोन्ही कमी ऐकू येतात. मग कोणताही प्रीअ‍ॅम्प, कितीही हुबेहूब असला, तरी घरात पातळच वाटणार ना?

निर्वात

होय, आणि त्यातून सुटका नाही. म्हणून तुलना करताना दोन्ही यंत्रे एकाच पातळीवर ऐकावीत. एक डेसिबलने मोठे असलेले यंत्रही अधिक चांगले वाटते. फोनवरचे आवाज मोजण्याचे अ‍ॅप यासाठी पुरेसे आहे, आकडा अचूक नसला तरी दोहोंना तोच फूटपट्टीचा दांडा लागतो.

सहावी_तार

सर्वांचे आभार. माझा कल असा झाला आहे: आत्ता प्रीअ‍ॅम्पचे पेडल, त्यातही ट्वीड आराखड्याचे, म्हणजे युनिव्हर्सल ऑडिओचे वुड्रो '५५. अ‍ॅम्प घ्यायचा तेव्हा ५ई३. जर्सीकर, तुमच्याकडून अमेरिकेतला अ‍ॅम्प कोणाच्या सामानात आणला तर येथे चालेल का?

जर्सीकर

केवळ १२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असेल तर भारतातल्या २३० व्होल्टला स्टेप-डाउन लावावा लागेल, आणि तो अ‍ॅम्पच्या गरजेपेक्षा बराच मोठा घ्यावा. शिवाय आपल्याकडे ५० हर्ट्‌झ आहे. फक्त ६० हर्ट्‌झसाठी बेतलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर अधिक तापतो. मागच्या पट्टीवर '५०/६०' लिहिले आहे का ते आधी पाहा, नसेल तर आणू नका.

निर्वात

यात भर म्हणजे, हाताने जोडलेला ५ई३ भारतातच करून घेणार असाल तर पॉवर ट्रान्सफॉर्मर २३० किंवा २४० व्होल्टच्या प्राथमिक वेटोळ्याचा मागवा आणि जोडणाऱ्याला इनपुटाजवळची ६८ किलोओहमची रोधके ट्यूबच्या सॉकेटपाशी बसवायला सांगा, त्याने रेडिओची कुजबुज कमी येते. स्वतः उघडून पाहण्याची हौस असेल तर वीज काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरांत तीनशेहून अधिक व्होल्ट राहू शकतात. ते रोधातून उतरवल्याशिवाय आणि मीटरने तपासल्याशिवाय आत हात घालू नये. स्पीकर कोणता घेणार आहात ते कळवा, कारण ९७ आणि १०० डेसिबलच्या स्पीकरांतला फरक निम्म्या वॅटांइतका असतो आणि तुमच्या बाबतीत मी कमी संवेदनशीलतेचाच सुचवीन.